खोका उलटा करून वाचा

खोक्यावर जो आकडा सगळ्यात ठळक छापलेला असतो तो सहसा खोटा नसतो, फक्त आपल्या कामाचा नसतो. कामाचा आकडा मागच्या बाजूला, बारीक अक्षरांत असतो.

पॉवर बँकेचंच बघा. पुढे लिहिलेलं असतं १०,००० एमएएच. फोनची बॅटरी ५,००० ची, म्हणजे फोन दोनदा भरणार, असा आपला सरळ हिशोब. तो चुकतो, कारण हे १०,००० आतल्या सेलचे आहेत आणि सेल साधारण ३.७ व्होल्टचा असतो. यूएसबीतून मात्र किमान ५ व्होल्ट बाहेर पडतात. म्हणून एमएएच सोडून वॉट-अवर, म्हणजे एकूण साठवलेली ऊर्जा बघायची: १०,००० एमएएच म्हणजे १० अँपिअर-अवर, आणि १० गुणिले ३.७ म्हणजे ३७ वॉट-अवर. ५ व्होल्टच्या भाषेत हे झाले ७,४००. व्होल्टेज चढवताना थोडी वीज उष्णतेत जाते, म्हणून हातात येतात सहा-साडेसहा हजार. मागे 'रेटेड कपॅसिटी' म्हणून हाच आकडा छापलेला असतो. फोनची बॅटरीही ५ व्होल्टची नसते, सेलसारखीच ३.७ च्या आसपासची असते, पण तिच्यात शिरतानाही थोडी गळती होतेच. त्यामुळे ५,००० ची बॅटरी एकदा पूर्ण आणि वर तिसरा हिस्सा ते अर्धी, एवढीच अपेक्षा ठेवा. रेटेड कपॅसिटी कुठेच छापलेली नसेल, तर ती पॉवर बँक मी तरी घेणार नाही.

विमानप्रवासातही वॉट-अवरच मोजतात. १०० पर्यंत सहसा वेगळी परवानगी लागत नाही (३.७ व्होल्टच्या हिशोबाने सुमारे २७,००० एमएएच), पण पॉवर बँक केबिन बॅगेतच हवी, चेक-इन सामानात नाही.

एक तक्रार नेहमीची: इअरबड्स किंवा घड्याळ लावलं की पॉवर बँक थोड्या वेळाने आपोआप बंद पडते. ती बिघडलेली नसते. ही उपकरणं इतका कमी करंट ओढतात की काही जोडलेलंच नाही असं तिला वाटतं. बऱ्याच पॉवर बँकांमध्ये यासाठी लो-करंट मोड असतो, बहुधा बटण दोनदा दाबल्यावर सुरू होणारा. महिनोन्‌महिने वापरणार नसाल तर अर्धी भरून थंड जागी ठेवा. फुगलेली दिसली तर वापर तिथेच थांबवा. टोचू नका, घरच्या कचऱ्यात टाकू नका. ती ई-कचऱ्यात जायला हवी.

केबलबद्दल थोडक्यात. सी-टू-सी (दोन्ही टोकांना यूएसबी-सी असलेल्या) केबलवर काहीच लिहिलेलं नसेल तर ती ३ अँपिअरची, म्हणजे जास्तीत जास्त ६० वॉटची धरा. मोठ्या लॅपटॉपला ५ अँपिअरची केबल लागते, त्या केबलच्या टोकात ओळख पटवणारी चिप असते. शिवाय चार्जरसोबत येणाऱ्या पुष्कळ केबल डेटासाठी यूएसबी २.० च्या, म्हणजे जुन्या संथ प्रकारच्याच असतात. सेकंदाला ४० एमबीच्या आसपास वेग धरला तर ५० जीबी व्हिडिओ हलवायला वीसएक मिनिटं जातात, आणि दोष मात्र हार्ड डिस्कला मिळतो.

एलईडी बल्ब घेताना वॉट बघायची सवय सोडा. वॉट म्हणजे खर्च, लुमेन म्हणजे उजेड. जुन्या ६० वॉटच्या पिवळ्या बल्बइतका उजेड हवा असेल तर ८०० लुमेन लागतात. रंगासाठी केल्विन: झोपायच्या खोलीत २,७०० ते ३,०००, वाचायच्या टेबलावर ४,०००. ६,५०० चा पांढराफटक उजेड दुकानात झकास दिसतो, रात्री घरात नकोसा होतो. सीआरआय म्हणजे बल्बखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा; आरशाजवळ आणि स्वयंपाकघरात सीआरआय ९० चा बल्ब लावा. ८० च्या बल्बखाली लाल रंग आणि त्वचा निस्तेज दिसते. बल्ब सारखे उडत असतील तर आधी शेडकडे बघा. चारी बाजूंनी बंद शेडमध्ये उष्णता कोंडते आणि एलईडीच्या आधी आतला ड्रायव्हर, म्हणजे त्याला वीज पुरवणारं सर्किट जातं. डिमर (उजेड कमी-जास्त करणारं बटण) असेल तर बल्बवर 'डिमेबल' लिहिलेलंच हवं, नाहीतर तो फडफडतो.

इअरबड्समध्ये 'बेस नाही' असं वाटलं तर परत करण्याआधी रबरी टिप बदलून बघा. फट राहिली की खर्ज तिथूनच निसटतो. दोन्ही कानांना एकच माप बसेल असंही नाही. आवाजाचं गणित मात्र कडक आहे: जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने प्रौढांसाठी ८० डेसिबल आठवड्याला ४० तास, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ९० ला उरतात फक्त ४ तास. टिप नीट बसली की बाहेरचा गोंगाट दबतो आणि आवाज वाढवायची गरजच कमी पडते.

याच इअरबड्सवर ऑडिओबुक ऐकत असाल तर वेगाचा आकडाही फसवतो. दहा तासांचं पुस्तक १.२५ वर ८ तासांत संपतं, दोन तास वाचतात. १.५ वर गेलात की आणखी १ तास २० मिनिटं. १.७५ वर त्यापुढे जेमतेम ५७ मिनिटं आणि २ वर फक्त ४३. वेग वाढतो तसा फायदा आटतो, आणि मागे जाऊन पुन्हा ऐकणं वाढतं. कथा-कादंबरी मूळ वेगातच ऐका, निवेदकाच्या थांबण्याला तिथे अर्थ असतो. माहितीपर पुस्तकाला १.२५ पासून सुरुवात करा, आणि तासाभरात तीन-चारदा मागे जावं लागलं तर एक पायरी खाली या.