मंडळ कागदावर आणताना

ग्रामपंचायतीत आमच्या सरावाच्या जागेचा विषय निघाला की ग्रामसेवक विचारायचे, “मास्तर, ठराव कुणाच्या नावानं करू?” वीसेक वर्षं मी पोरींना खो-खो शिकवतोय, पण या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मंडळ म्हणजे मी, मैदान आखायच्या फक्कीचा डबा, दोन खुंट आणि त्या वर्षी ज्या येतील त्या पोरी. माझ्या नावानं ठराव झाला असता तर टेलरनं जागा लाटली असं गाव म्हणालं असतं. मंडळाच्या नावानं करावा, तर कायद्याच्या लेखी आमचं मंडळ कुठं होतंच नाही.

माझं शिवणकामाचं दुकान आहे. शाळा सुटायच्या सुमाराला शटर खाली करायचं आणि मैदान गाठायचं, हा नेम. जागा गावठाणाला लागून आहे. पावसाळ्यात गवत माजतं, गळीत हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॉल्या रात्री तिथंच लागतात आणि चाकोऱ्या बुजवायचं काम माझ्याकडे येतं. खुंट जमिनीपासून 120 ते 125 सेंटीमीटर उंच असावा लागतो. आमचे पहिले खुंट बाभळीचे होते, आणि ते नीट घासून द्यावेत म्हणून सुताराच्या मागं लागावं लागलं, कारण खुंटावर झेपावताना तळहातात एकदा कुसळ गेलं की ती पोरगी चार दिवस खुंटाकडे फिरकत नाही. कपड्यांचा प्रश्न मात्र घरचाच होता. हाफ पँटवर पोरी पळणार म्हटल्यावर आया नको म्हणायच्या. मी गुडघ्याच्या खाली येणारी, गुडघ्यावर दुहेरी कापड लावलेली पँट शिवायला लागलो. आयांची कुरकुर थांबली आणि गुडघे सोलायचेही कमी झाले.

मग 2025 च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताचे दोन्ही संघ अंतिम सामन्यात नेपाळला हरवून जिंकले, आणि दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर. धाराशिवच्या सारिका काळेला 2020 चा अर्जुन पुरस्कार मिळाला तेव्हाही मी गावभर सांगत हिंडलो होतो. पण सांगणं वेगळं आणि टीव्हीवर दिसणं वेगळं. पोरगी संध्याकाळी खेळायला जाते म्हणून ज्यांच्या कपाळाला आठ्या पडायच्या, ते बाप तिला गाडीवरून सोडायला येऊ लागले. पोरींपैकी प्रत्येकीला ‘वजीर’, म्हणजे पाठलाग करणाऱ्यांतला खास खेळाडू, व्हायचं होतं, कारण वजिराला कुठल्याही दिशेनं वळायची मुभा असते. आपल्याकडच्या सामन्यांत अजून आठ जणी मैदानातल्या मधल्या पाटीवर ओळीनं बसतात आणि नववी पळते, तिथं वजीर नसतो, हे समजावताना माझा घसा बसला.

गर्दी वाढली तसा कागद आडवा यायला लागला. जिल्हा संघटनेची संलग्नता हवी, तर नोंदणीची प्रत जोडा. क्रीडा खात्याच्या क्रीडांगण विकास अनुदानाचा विचार करावा, तर संस्था नोंदणीकृत पाहिजे. एका कंपनीचे लोक येऊन सराव बघून गेले, मॅटवर खेळायचे बूट देतो म्हणाले आणि जाताना पॅन मागितला, तोही मंडळाचा. मोठ्या स्पर्धा आता मॅटवर होतात. मातीत वाढलेली पोरगी मॅटवर वळताना घसरते, म्हणून बुटांची निकड खरी होती.

तेव्हा मंडळाची नोंदणी करायचीच असं ठरवलं. शेजारच्या गावच्या भजनी मंडळानं ज्या वकिलांकडून काम करून घेतलं होतं, त्यांनाच गाठलं. त्यांनी पहिल्याच बैठकीत सांगितलं ते इथं मांडतो, कारण मला हे आधी कुणी सांगितलं नव्हतं. नोंदणी दोन कायद्यांखाली होते. आधी 1860 च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली संस्था म्हणून. त्याला किमान सात सभासद, विधानपत्र आणि नियमावली लागते. मग 1950 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली धर्मादाय न्यास, म्हणजे ट्रस्ट, म्हणून, आणि तो अर्ज तीन महिन्यांच्या आत करायचा. जुने लोक या दुसऱ्या कायद्याला अजून ‘मुंबई’ सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था म्हणतात. नाव बदलून बरीच वर्षं झाली तरी जुन्या नावाचे छापील नमुने अजून हातात पडतात. खेळाचं मंडळ धर्मादाय कसं, असं मी विचारलं. वकील म्हणाले, “लोकांच्या भल्यासाठी खेळाची, विरंगुळ्याची सोय करणं हेही त्या कायद्यात धर्मादाय कामच धरलंय. तुम्ही फी घेता का पोरींकडून?” मी नाही म्हणालो. “मग काय अडचण आहे?”

नावावरून पहिली अडचण आली. आमच्या भागात मंडळांची नावं शिव, जय आणि नव यांच्याच भोवती फिरतात, त्यामुळे आम्हाला सुचलेलं प्रत्येक नाव कुणी ना कुणी आधीच घेतलेलं. शेवटी वकिलांनी पर्याय म्हणून दिलेल्या नावांपैकी सगळ्यात साधं नाव मंजूर झालं. पोरींना ते आवडलं नाही. जर्सीवर छापल्यावर आवडेल, असं मी सांगून टाकलं.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो सात माणसांनी. गावात सात काय, सत्तर माणसं मिळतात, पण ती पाटीवर नाव लागण्यापुरती. मला मैदानावर उभी राहणारी हवी होती. म्हणून जुन्या खेळाडूंकडे गेलो. त्यातल्या दोघी लग्न होऊन जवळपासच दिल्या होत्या. एक अंगणवाडीत मदतनीस आहे, दुसरी घरची शेती आणि बचत गटाची वही दोन्ही सांभाळते. वहीवालीला खजिनदार करायचं माझ्या मनात पक्कं होतं. तिच्या सासरी गेलो तर सासूबाई चहा ठेवून समोरच बसल्या.

“मास्तर, ही सही कशाची?”

“मंडळाची, काकू. खजिनदार म्हणून.”

“म्हंजे कर्ज काढताय का?”

“कर्ज नाही. उलट कुणी पैसे दिले तर ते लिहून ठेवायचे.”

“आमच्या ह्यांनी सोसायटीत जामीन म्हणून अशीच सही केलेली. वसुलीवाले दारात आले तवा कळलं कशाची ते.”

त्या चुकीचं बोलत नव्हत्या. गावाकडे बाईची सही मागायला माणूस येतो तो बहुतेक वेळा कर्जासाठीच. मी मसुदा काढून वाचून दाखवला. त्यांनी सगळा ऐकून घेतला आणि नंतर सुनेला विचारलं, “तुला करायचंय का?” ती हो म्हणाली. विषय संपला. खरं सांगायचं तर तालुक्यातल्या कुठल्याही अधिकाऱ्यापेक्षा मला त्या काकूंच्या होकाराची जास्त धास्ती होती.

पुढचा घोळ नावांचा. दोघींच्या आधार कार्डावर सासरचं नाव, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माहेरचं, आणि एकीच्या पॅनवर वडिलांचं नाव अजून तसंच. कागदपत्रांत नाव एकसारखं हवं. दोन्ही नावांची व्यक्ती मीच, असं प्रतिज्ञापत्र दोघींना करून द्यावं लागलं. स्पर्धांच्या प्रमाणपत्रांवरही माहेरचंच नाव असतं, हे तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजाडलं. पुढे कुणी खेळाडूंच्या 5 टक्के आरक्षणातून नोकरीचा अर्ज केला तर प्रमाणपत्राची पडताळणी होते, तिथं हाच गुंता पुन्हा उभा राहणार. आता माझ्याकडची प्रत्येक पोरगी लग्न ठरलं की मला सांगायला येते, आणि मी अभिनंदनाच्या आधी कागद विचारतो. बायको म्हणते, हे शोभत नाही.

पत्त्याचाही थोडा खोळंबा झाला. दुकानमालकांचं ना हरकत पत्र मिळेना. मंडळाचा पत्ता लागला की जागा हातची जाते, अशी त्यांची पक्की समजूत. भांडण्यात अर्थ नव्हता. अंगणवाडीवालीच्या वडिलांनी आपल्या घराचा पत्ता दिला.

नियमावली लिहायला आम्ही शाळेच्या व्हरांड्यात बसलो. उद्देश, वर्गणी, वार्षिक सभा, गणपूर्ती, कार्यकारिणीची मुदत इथवर कुणाची तक्रार नव्हती. मग मंडळ विसर्जित झालं तर काय, हे कलम आलं. एक वयस्कर सभासद एकदम ताठ झाले. “बारशालाच तेराव्याचं बोलायचं?” मलाही ते खटकलं, पण वकिलांनी समजावलं की संस्था मोडली तरी तिची मालमत्ता सभासदांना वाटून घेता येत नाही, ती तशाच कामाच्या दुसऱ्या संस्थेला जाते, म्हणून ते कलम लागतंच. मालमत्ता म्हणजे काय होतं आमच्याकडे? खुंटांची जोडी, फक्की, दोन शिट्ट्या आणि माझ्या दुकानातलं एक कपाट. तरी त्या कलमावर सगळ्यात जास्त चर्चा झाली, कारण पहिल्यांदाच प्रत्येकानं विचार केला की मास्तर नसले तर हे कोण चालवणार. माझ्यासमोरच चर्चा चालली होती, आणि दोन-तीन जणांनी माझ्या तब्येतीचीही चौकशी केली.

जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयातलं काम त्यामानानं सरळ गेलं. अर्ज ऑनलाइन भरायचा, छापून सह्या करायच्या, संमतीपत्रं, ओळखीचे पुरावे, प्रतिज्ञापत्र आणि अधिकारपत्र जोडायचं. नियमावलीच्या प्रत्येक पानावर सही लागते हे ध्यानात ठेवून सगळ्यांना एकाच दिवशी एका जागी बसवलं, नाहीतर एकेकाच्या दारात फाइल घेऊन फिरण्यात आठवडे गेले असते. संस्थेचं प्रमाणपत्र आलं, मग न्यासाचा अर्ज. त्यावर हरकती मागवणारी नोटीस निघते. कुणाची हरकत आली नाही. अर्जदार म्हणून मला प्रतिज्ञापत्रावर सगळं पुन्हा सांगावं लागलं आणि अखेर ‘एफ’नं सुरू होणारा नोंदणी क्रमांक हाती आला. वकिलांनी न्यास नोंदवहीचा उतारा हातात देताना बजावलं, “ही एकच प्रत घेऊन फिरू नका, लगेच झेरॉक्स काढून ठेवा.”

पॅन आणि बँकेचं खातं त्यानंतर झालं. दोन सह्यांचं खातं आहे, त्यातली एक सही खजिनदारबाईंची. कंपनीच्या बुटांचं मात्र अजून घोडं पुढं सरकलेलं नाही. कंपनीचा सामाजिक निधी घ्यायचा तर आयकर खात्याकडे संस्थेच्या करमाफीची आणि देणगीदारांच्या करसवलतीची नोंदणी करावी लागते, लोक तिला 12ए आणि 80जी म्हणतात, आणि त्यावर कंपनी खात्याकडे सीएसआर-1 हा नोंदणीचा फॉर्म भरावा लागतो. ज्या पोरींच्या पायाची मापं तेव्हा लिहून घेतली होती, त्यांचे पाय तोवर वाढले. शेवटी गावातल्या लोकांच्या वर्गणीतून काही जोड घेतले आणि आळीपाळीनं वापरतो.

जागेचा ठराव झाला. मालकी नव्हे, सरावासाठी वापरायची परवानगी, तीही मुदतीची. ट्रॉल्या अजूनही लागतात, पण आता मी ठरावाची प्रत दाखवतो आणि ड्रायव्हर निदान कडेला लावतात. ग्रामसेवक म्हणाले, “मास्तर, आता तुम्ही आमच्यापेक्षा जास्त कागद ठेवता.”

ते खोटं नाही. दरवर्षी हिशेब तपासून द्यायचे असतात, त्यामुळे फक्कीची पावतीसुद्धा फायलीत जाते. पूर्वी संध्याकाळी घरी आल्यावर मी कुणाचं सूर मारणं कच्चं आहे, कुणाला साखळीत, म्हणजे बसलेल्या पोरींमधून नागमोडी, पळवायचं याचा विचार करत बसायचो. आता त्यातला बराच वेळ ठराव वहीत जातो आणि त्याचा मला रागही येतो. पण मध्यंतरी मला ताप आला तेव्हा सराव एकही दिवस बंद पडला नाही, दोघी आळीपाळीनं मैदानावर आल्या. वहीत त्यांची नावं नसती तर त्या आल्या असत्या का, हे मला ठामपणे सांगता येत नाही.

सध्या एका सभासदाची बदली झाली आहे. त्यांच्या जागी नवं नाव घ्यायचं तर बदल झाल्यापासून 90 दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो, आणि त्याच्या आधी सभा, सभेची नोटीस आणि ठराव. नोटीस लिहून झाली आहे. विषय क्रमांक तीन आहे मॅटच्या बुटांच्या आणखी चार जोडांना मंजुरी. त्यावर खजिनदारबाईंनी आधीच फोन करून सांगितलंय की दोन जोड पुरतात, उरलेल्या पैशांतून आधी पाण्याची टाकी घ्यायची.