पावतीवरचे आठ टक्के

1 एप्रिल 2014 ला टोकियोच्या निशी-कासाई भागातल्या आमच्या दुकानात दुधाच्या पावतीवर पहिल्यांदा पाचाऐवजी आठ टक्के कर लागलेला दिसला. आधीचा आठवडाभर आमच्या इमारतीतल्या आजी टॉयलेट पेपरचे गठ्ठे वर चढवत होत्या, मीही दोन आणले होते. त्या पावतीकडे बघताना मला जपानी राजकारणी तानिगाकी सादाकाझु आठवले.

त्यांची माझी ओळख पुण्यात झाली, जपानी शिकताना. सरांनी वर्गात एक जुनी क्लिप लावली होती. नोव्हेंबर 2000. पंतप्रधान मोरी यांच्यावर अविश्वास ठराव आलाय आणि त्यांच्याच लिबरल डेमोक्रॅटिक पक्षातले काटो कोइची बंड करून मोरींच्या विरोधात मत द्यायला निघालेत. संख्याबळ नाही हे कळल्यावर काटो म्हणतात, मग मी एकटाच जातो. तेवढ्यात एक चष्मेवाला माणूस पुढे येतो, डोळ्यांत पाणी, आणि त्यांना अडवून सांगतो की तुम्ही सेनापती आहात, एकट्यानं चाल करून जायचं नाही. सरांना आम्हाला त्यातला ‘ताइशो’, म्हणजे सेनापती, हा शब्द शिकवायचा होता. मला मात्र तो रडवेला माणूसच लक्षात राहिला, तेच तानिगाकी.

आपल्याकडे मवाळ आणि जहाल म्हणतात ना, तसे तानिगाकी अस्सल मवाळ. पक्षातल्या कोचिकाई गटाचे, ज्या गटातून इकेदा, ओहिरा, मियाझावा असे पंतप्रधान झाले. मूळचे वकील, गिर्यारोहणाचं वेड. वडील वारल्यावर 1983 च्या पोटनिवडणुकीत क्योतोमधून निवडून आले. पंतप्रधान कोइझुमींच्या काळात अर्थमंत्री होते. 2006 मध्ये पक्षाध्यक्षपदासाठी उभे राहिले ते करवाढ उघडपणे मागून, आणि तिघांत तिसरे आले. मतं मागताना कर वाढवू म्हणणारा पुढारी मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

अध्यक्षपद मिळालं ते सप्टेंबर 2009 मध्ये, पक्ष 300 जागांवरून 119 वर आपटल्यावर. म्हणजे कुणालाच नको असताना. मोठी मंडळी पक्ष सोडून जात होती. ‘सगळे मिळून करूया’ एवढीच त्यांची घोषणा. पुढच्याच वर्षी वरिष्ठ सभागृहाच्या निवडणुकीत त्यांनी सत्ताधाऱ्यांचं बहुमत घालवलं.

मी तोवर टोकियोला आले होते. 2012 चा उन्हाळा मला नीट आठवतो. पंतप्रधान नोदा आणि विरोधी नेते तानिगाकी यांनी, कोमेइतो या तिसऱ्या पक्षाला सोबत घेऊन, वृद्धांच्या पेन्शन आणि औषधपाण्यासाठी उपभोग कर आधी आठ, मग दहा टक्के करायचं ठरवलं. दोघांनाही आपापल्या पक्षात शिव्या बसल्या. ऑगस्टअखेरीस मात्र तानिगाकींच्या पक्षानं नोदांविरुद्धच्या अशा निषेध ठरावाला मत दिलं, ज्यात त्या करारावरच टीका होती. ती त्यांची चूकच, मला आजही पटत नाही.

सप्टेंबरमध्ये त्यांचेच सरचिटणीस इशिहारा नोबुतेरू अध्यक्षपदाला उभे राहिले. नेतृत्वातल्या दोघांनी एकमेकांविरुद्ध लढू नये, म्हणून तानिगाकींनी माघार घेतली. आबे शिंझो जिंकले, डिसेंबरात पक्ष सत्तेवर आला आणि पंतप्रधान आबे झाले. तीन वर्षं पडक्या घराला टेकू देणारा माणूस पंतप्रधान झालाच नाही. त्या संध्याकाळी मला फार वाईट वाटलं होतं. आबेंच्या हाताखाली ते न्यायमंत्री झाले. तिथे त्यांनी फाशीच्या आदेशांवर सह्या केल्या, आणि मवाळपणाची माझी कल्पना मला तपासून घ्यावी लागली.

पुढे सरचिटणीस असताना जुलै 2016 मध्ये लाडक्या सायकलवरून पडले. मानेतल्या मज्जारज्जूला इजा झाली आणि पुढच्या वर्षी राजकारण सोडलं. फेब्रुवारी 2019 मध्ये पक्षाच्या अधिवेशनात ते चाकाच्या खुर्चीतून बोलले.

त्याच ऑक्टोबरात कर दहा टक्के झाला. खाण्यापिण्याच्या वस्तूंना सूट होती, त्यामुळे दुधाच्या पावतीवर अजून आठच आहेत.