मे महिन्यात आफ्रिकन सफारी? मग केनिया नको

ताडोबाच्या वाऱ्या करणारी मंडळी आफ्रिकेलाही तेच गणित लावतात: मे महिना, रणरणतं ऊन, आटलेले पाणवठे, म्हणजे जनावर हमखास दिसणार. केनिया-टांझानियात हे गणित साफ चुकतं. तिथला मोठा पाऊस साधारण मार्चच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत असतो. जागोजागी पाणी साचल्यावर प्राण्यांना पाणवठ्यावर यायची गरजच उरत नाही, गवत वाढतं, आणि केनियातल्या मसाई मारा अभयारण्यातली काळी माती ओली झाली की फोर-बाय-फोर गाड्याही रुततात. काही कॅम्प एप्रिल-मेमध्ये चक्क बंद असतात. त्या दिवसांतली पॅकेजेस स्वस्त का, हे वेगळं सांगायला नको.

मुलांच्या सुट्टीमुळे मेच हवा असेल, तर दक्षिण आफ्रिकेतलं क्रुगर राष्ट्रीय उद्यान बघा. तिथे मेमध्ये कोरडा हिवाळा सुरू होतो आणि मलेरियाचा धोकाही पावसाळ्यापेक्षा कमी असतो. झाडी पुरती विरळ व्हायला ऑगस्ट उजाडतो, त्यामुळे मेचा दुसरा पंधरवडा पहिल्यापेक्षा बरा. फाटक सकाळी सहाला उघडतं आणि संध्याकाळी साडेपाचला बंद होतं. डांबरी रस्त्यावर वेगमर्यादा ताशी ५० किलोमीटर. थांबत थांबत १०० किलोमीटरला चार-पाच तास सहज जातात, हे धरूनच मुक्काम ठरवा. आणि आफ्रिका म्हणून नुसते सुती कपडे भरू नका. पहाटेच्या उघड्या जीपमध्ये कानटोपी लागतेच.

विल्डबीस्टचे (गाईसारख्या दिसणाऱ्या मोठ्या हरणांचे) कळप मसाई मारातली मारा नदी ओलांडताना बघायचे असतील, तर जुलैअखेर ते ऑक्टोबरची सुरुवात. नेमका दिवस कोणीच सांगू शकत नाही. कळप काठावर तासन् तास उभा राहतो आणि कधी तसाच माघारी फिरतो. नैरोबीहून मारा गाडीने पाच-सहा तासांवर आहे. दोन रात्रींच्या पॅकेजमध्ये पूर्ण दिवस एकच हाती लागतो. निदान तीन रात्री हव्यात.

दिवाळीचं उत्तर पंचांगावर अवलंबून. ती ऑक्टोबरात आली तर मारात अजून बरंच काही दिसतं. २०२६ सारखी, अधिक मासामुळे नोव्हेंबरात गेली, तर छोटा पाऊस आणि कळपांचा दक्षिणेकडे, टांझानियातल्या सेरेंगेटीकडे परतीचा प्रवास दोन्ही सुरू झालेले असतात. शाळेचं बंधन नसलेल्यांनी आमच्या मते फेब्रुवारी गाठावा. दक्षिण सेरेंगेटीत, एनडुटूच्या आखूड गवताच्या माळावर तेव्हा विल्डबीस्टची हजारो पिल्लं जन्मतात, आणि त्यांच्या मागावर सिंह, चित्ते, तरस असतातच. नदीकाठच्या गाड्यांच्या गर्दीपेक्षा हे कितीतरी सरस.

केनियाला जाणार असाल तर निघण्याच्या किमान १० दिवस आधी पिवळ्या तापाची लस घ्या. प्रमाणपत्र त्यानंतरच ग्राह्य धरतात आणि परत येताना भारतातही ते मागतात. दक्षिण आफ्रिकेला जाताना नैरोबी किंवा आदिस अबाबाच्या विमानतळावर १२ तासांहून जास्त थांबा असेल, तर दक्षिण आफ्रिकेत शिरतानाही हेच प्रमाणपत्र लागतं.