मातीवरचा एकहाती बॅकहँड : नोंद सहावी

आधी आकडा. टेनिस कोर्टावर सराव देणाऱ्या मार्करकाकांनी समोरून उंच टॉपस्पिनचे (पुढे फिरत उसळणारे) ४० चेंडू द्यायचे, मी एकहाती बॅकहँड (उलट्या बाजूचा फटका) क्रॉसकोर्ट, म्हणजे तिरका, मारायचा, आणि सर्व्हिस लाइनच्या पलीकडे, म्हणजे पुरेसे खोल, किती पडले ते भाच्याने मोजायचं. दसऱ्यानंतर कोर्ट उघडलं तेव्हा ११. परवा २४. मध्ये एकदा ९ वर घसरलो होतो, ते का ते खाली येतंच आहे.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात : कोर्ट गोव्यात फोंड्याजवळचं, मातीचं. वय ४६, खेळ हौशी, बॅकहँड शाळेपासून एकहाती. माती म्हटलं की लोक लगेच पॅरिसशी तुलना करतात, पण रोलां गारोसला (तिथे फ्रेंच ओपन होते) वरचा लाल थर म्हणजे विटांची भुकटी, तीही एक-दोन मिलिमीटर, खाली चुनखडी. त्या भुकटीवरून पाय घसरतो. आमच्याकडे वरपासून खालपर्यंत मातीच, पाणी मारून रोलरने दाबलेली. सकाळी ओल असते तेव्हा चेंडू गुडघ्याच्या वर यायला कंटाळतो. दुपारी चारनंतर तीच माती सुकून कडक होते आणि तोच चेंडू कानाशी येतो. जूनमध्ये पाऊस लागला की कोर्टावर चुडतं (माडाच्या झावळ्या) अंथरतात, मग चार महिने फक्त बघायचं. फ्रेंच ओपन संपायला आणि आमचं कोर्ट झाकायला साधारण एकच गाठ पडते. यंदाच्या पावसाळ्यात वही घेऊन जुन्या सामन्यांतले फक्त बॅकहँडच बघितले. बायको म्हणाली, परीक्षेला बसला आहात का.

खरं तर होतीच परीक्षा. मातीवरच्या बॅकहँडची प्रश्नपत्रिका जवळजवळ वीस वर्षं एकाच माणसाने काढली, राफाएल नदालने. पॅरिसमध्ये १४ विजेतेपदं, ११२ सामने जिंकले आणि हरले फक्त ४. प्रश्नही दरवर्षी तोच : डावखुऱ्याचा फोरहँड, क्रॉसकोर्ट, भरपूर टॉपस्पिन, उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या बॅकहँडला खांद्याच्या वर. आता सोडवा. (मला चाळिशी ओलांडल्यावर आमच्या कोर्टावरचा एक डावखुरा पोरगा हाच प्रश्न घालतो, म्हणून ही सगळी उठाठेव.)

फेडरर २००६, २००७, २००८ आणि २०११ अशा चार फायनलमध्ये या प्रश्नावर अडला. त्याची ग्रिप (रॅकेट धरायची पद्धत) कमरेच्या चेंडूला देखणी, पण खांद्याच्या वर रॅकेटचं तोंड मागे कलायला लागतं आणि फटका आखूड पडतो. २००९ मध्ये तो जिंकला, पण त्या वर्षी नदालला स्वीडनच्या सॉडरलिंगने आधीच घरी पाठवलं होतं. फेडररच्या चाहत्यांनी रागावू नये, मीही त्यांतलाच आहे. पण मातीवर त्याचा बॅकहँड शिकायला घेऊ नये असं माझं स्पष्ट मत झालं आहे.

नदालच्या स्वतःच्या बॅकहँडबद्दल कमी बोललं जातं. तो लिहितो उजव्या हाताने. म्हणजे दुहाती बॅकहँडमध्ये वरचा हात, जो फटक्याला जोर देतो, तो त्याचा जन्माचा चांगला हात. दोन्ही बाजूंनी फोरहँडच म्हणा ना.

जोकोविचचं उत्तर वेगळं. तो बेसलाइन (कोर्टाची मागची रेघ) सोडायला तयारच नसतो. चेंडू वर चढत असतानाच दोन्ही हातांनी घेतो, गरज पडली तर बॅकहँडच्या बाजूला घसरत जाऊन, आणि मग सरळ रेषेत मारतो, म्हणजे डावखुऱ्याच्या बॅकहँडला. २०१५ आणि २०२१ मध्ये त्याने नदालला पॅरिसमध्ये हरवलं; दोनदा हे जमलेला तो एकटाच. २०२१ चा उपांत्य सामना मी तीनदा पाहिला. पण हे घ्यायचं तर दोन हात लागतात, आणि पाय तर त्याचेच लागतात.

आता ९ ची गोष्ट. २०१५ ची फायनल. एकहाती बॅकहँडवाला स्विस खेळाडू स्टॅन वावरिंका, ती चौकड्यांची चड्डी, समोर जोकोविच. पहिला सेट ४-६ गेला, पुढचे तीन ६-४, ६-३, ६-४, आणि शेवटचा गुणही बॅकहँडच, डाउन द लाइन, म्हणजे सरळ रेषेत. हे बघून ज्याला आपलाही असाच जावा असं वाटलं नाही त्याने टेनिस सोडावं. मी ऑक्टोबरभर तेच केलं. बेसलाइनच्या मागे दोन-अडीच मीटर उभा राहिलो, चेंडू खाली येईपर्यंत थांबलो, हात सरळ ठेवून झोडला. वावरिंका मागून मारतो कारण त्याच्या खांद्यात ते अंतर कापायची ताकद आहे. माझ्या खांद्यात ऑफिसची बॅग उचलण्यापुरती आहे. चेंडू नेटमध्ये किंवा सर्व्हिस बॉक्समध्ये, आणि कोपर सुजलं ते वेगळंच. ४० पैकी ९, नंतर तीन आठवडे बर्फ. त्यात चूक गटिंगचीही, म्हणजे रॅकेटच्या तारांचीही, होती. ब्राझीलचा कुएर्तेन १९९७ मध्ये पॅरिसला पॉलिएस्टरच्या गटिंगने खेळला, जागतिक क्रमवारीत ६६ वा असताना मुस्टर, काफेल्निकोव आणि ब्रुगेरा या तीन जुन्या विजेत्यांना हरवून जिंकला, एकहाती बॅकहँडवर. हे वाचून मीही कडक पॉली ओढून घेतली होती. ज्याचा हात जोरात फिरतो त्याला पॉली स्पिन देते. माझ्यासारख्याला फक्त हादरे देते. आता मऊ मल्टिफिलामेंट (बारीक धाग्यांची) गटिंग, ताणही दोन पाउंड कमी.

कोपर बरं होईपर्यंत भाच्याने वादाला तोंड फोडलं. त्याचा मुद्दा : मामा, फेब्रुवारी २०२४ मध्ये एटीपी (पुरुष व्यावसायिक टेनिस) क्रमवारीच्या पहिल्या दहांत एकही एकहाती बॅकहँडवाला उरला नव्हता, १९७३ पासून पहिल्यांदाच. तू दोन हात लाव. मी म्हटलं, ऑस्ट्रियाचा डॉमिनिक टीम लहानपणी दुहाती खेळायचा, प्रशिक्षकाने त्याला एकहाती केला, आणि तो २०१८, २०१९ अशी सलग दोन वर्षं पॅरिसच्या फायनलला गेला. भाचा म्हणाला, दोन्ही हरला. २०२५ मध्ये इटलीचा एकहाती मुसेत्ती माँटे कार्लोच्या (तीही मातीवरची स्पर्धा) फायनलला आणि पॅरिसच्या उपांत्य फेरीला गेला, हेही सांगून झालं. त्यावर त्याचं उत्तर, मुसेत्ती तेव्हा तेवीस वर्षांचा होता. पुढे बोलणं खुंटलं.

माझं उत्तर शेवटी सापडलं ते बेल्जियमच्या जस्टिन एनाँमध्ये. उंची जेमतेम साडेपाच फूट, एकहाती बॅकहँड, आणि पॅरिसची चार विजेतेपदं : २००३, २००५, २००६, २००७. उंच चेंडू तिला तर माझ्याहूनही उंच. तरी ती मागे पळत नाही. खांदा लवकर वळवते, पुढचा पाय आधीच रोवते आणि चेंडू चढत असताना, छातीशी असतानाच घेते. ताकदीच्या जागी वेळ. तिचे सामने बघताना आवाज बंद करून फक्त पाय बघा. रॅकेटकडे लक्ष गेलं की संपलं.

भाच्याने मग माझा फटका फोनवर स्लो मोशनमध्ये घेतला. चेंडू रॅकेटला लागतो त्या फ्रेममध्ये माझा उजवा पाय अजून हवेत. चेंडू पुढे असायला हवा, तो कमरेच्या शेजारी. पाय टेकतो तोवर चेंडू निघून गेलेला. इतकी वर्षं मी मनगटाला दोष देत होतो.

मार्करकाकांनी व्हिडिओ पाहिलाच नाही. ते म्हणाले, "बाब, हाताक सोड. पांय हालय." आणि बेसलाइनच्या फूटभर आत एक करवंटी पालथी घातली. नियम एकच : चेंडूचा टप्पा पडायच्या आत उजवा पाय करवंटीच्या शेजारी टेकलेला पाहिजे. फटका कुठेही जाऊ दे. पहिल्या दिवशी तीन करवंट्या पायाखाली फुटल्या. दुसऱ्या आठवड्यात १६, मग १५, मग २१.

जे चेंडू चढताना घेता येत नाहीत त्यांना स्लाइस, म्हणजे कापून मारलेला फटका. इथे आदर्श आपल्याच मातीतला, लिअँडर पेस, मूळ गोव्याच्या घराण्यातला. पॅरिसमध्ये १९९९, २००१ आणि २००९ अशी तीन पुरुष दुहेरी विजेतेपदं, आणि तो छोटा, खाली राहणारा चिप (हलका कापलेला फटका). आमच्या ओल्या कोर्टावर सकाळी असा चेंडू टाकला की समोरच्याला वाकावंच लागतं. डावखुऱ्या पोराला पंचेचाळिशीतली पाठ नाही, तो वाकतो. पण निदान त्याचा फोरहँड तरी खांद्यावर येत नाही.

भाच्याने वहीत २४ च्या पुढे कंसात 'ओलं' असं लिहून ठेवलं आहे. सगळे आकडे सकाळी सातचे. पुढचा रविवार चार वाजता, सुक्या कोर्टावर. करवंट्या त्यानेच आणायच्या ठरल्या आहेत.