रंकाळ्यावर, उजाडायच्या आत

आज पहाटे साडेपाचलाच कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर. पाण्यातला ऑक्सिजन मोजायचा तर हीच वेळ. रात्रभर शेवाळही श्वास घेतं, म्हणून पहाटे तो सगळ्यात कमी. मासे मरतात तेही अशाच वेळी. थोडं उजाडल्यावर, पाणी किती नितळ ते बघायची २० सेंटिमीटरची काळी-पांढरी सेक्की चकती दोरीने सोडली, हातभर जायच्या आत दिसेनाशी! बाटलीत भरलेल्या पाण्यावर थोड्या वेळात हिरवी साय धरली. मायक्रोसिस्टिस नावाचं निळं-हिरवं शेवाळ असंच तरंगतं, पेशींत हवेच्या पोकळ्या असतात. सांडपाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर पोसलेलं हे. पोटात गेलं तर जनावराचं यकृत बिघडवू शकतं. मनात कालवाकालव झाली. संध्यामठाच्या बाजूने एक मामा म्हशी घेऊन येत होते. बाटली दाखवली. बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "आज घरीच धुतो पोरा."