सत्तरीच्या डोंगरावरचा धूर टिपताना: कॅमेऱ्याची आतापर्यंतची वाटचाल

मार्च २०२३ मध्ये गोव्यातल्या म्हादई अभयारण्यात वणवे पेटले, तेव्हा ते विझवण्यासाठी नौदलाच्या आणि हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांतून पाणी ओतावे लागले. वणवा लहान असतानाच नजरेस पडावा, या तळमळीने वाळपईजवळ एका घराच्या गच्चीवर डोंगराकडे तोंड करून कॅमेरा बसवला आहे.

दुरून ज्वाळा शोधण्यात फारसा अर्थ नाही, कारण झाडीखाली पालापाचोळा जळत असतो आणि वर येतो तो धूरच. ६० अंशांच्या लेन्समधून तीन किलोमीटरवरचा सुमारे ३,४६० मीटर रुंदीचा पट्टा दिसतो, म्हणजे १९२० पिक्सेलांच्या चित्रात एका पिक्सेलला साधारण १.८ मीटर येतात. तेच चित्र ६४० पिक्सेलांपर्यंत आक्रसून योलो या चित्रातल्या वस्तू ओळखणाऱ्या संगणकीय मॉडेलला दिले, तर वीस मीटर रुंदीचा धूर जेमतेम चार पिक्सेलांत उरतो. म्हणून आता मूळ चित्राचेच एकमेकांवर थोडे चढणारे तुकडे पाडून प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे तपासला जातो. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर याला वेळ लागतो. पण मिनिटाला एक फेरी झाली तरी वणव्यासाठी ती पुरेशी आहे.

खरी कसोटी काजूच्या हंगामात लागते. सकाळी दरीत धुके असते, आणि ते विरते न विरते तोच हुर्राकाच्या, म्हणजे काजूच्या रसाच्या दारूच्या, भट्ट्या धुमसू लागतात. एकट्या चित्रावरून धुके, भट्टीचा धूर आणि वणव्याचा धूर या तिन्हींतला फरक मॉडेलला सांगता येत नाही, तो काळाच्या ओघातच उलगडतो: धुक्याला बूड नसते, ते अख्खे वर सरकते, धुराचा शेंडा वाऱ्याबरोबर हलला तरी बूड जागेवरच राहते. भट्ट्यांच्या जागा चित्रातून झाकून टाकणे सोपे होते, परंतु ठिणगी तिथूनच बागायतीत उडू शकते, त्यामुळे तो मार्ग मला पटत नाही. त्याऐवजी प्रत्येक भट्टीच्या धुराची नेहमीची रुंदी नोंदवून ठेवली आहे आणि बूड त्यापलीकडे पसरू लागले, तरच इशारा जातो.

रात्री अंधारात कॅमेऱ्याला धूर दिसत नाही, तो प्रश्न अजून सुटलेला नाही. उपग्रहावरील व्हिअर्स संवेदक ३७५ मीटरच्या चौकटींत उष्णता टिपतो, पण तो दिवसातून मोजक्याच वेळा वरून जातो.

एका कॅमेऱ्यावरून केवळ दिशा कळते, अंतर नव्हे. म्हणून पुढचा टप्पा केरीच्या बाजूने दुसरा कॅमेरा लावून दोन्ही दिशारेषा नकाशावर छेदण्याचा आहे. सांगे-काणकोणकडच्या कोणाजवळ पहाटेच्या धुक्याची सलग चित्रे असतील, तर ती मॉडेलच्या प्रशिक्षणासाठी अवश्य द्यावीत.