पॅनलमधल्या गेटवेची वेळ का चुकते आणि कशी जुळवायची

जालन्याची रोलिंग मिल असो की वाळूजचं प्रेस शॉप, लाइन बंद पडली की पहिला प्रश्न एकच: आधी काय ट्रिप झालं? पीएलसी (मशीन चालवणारा कंट्रोलर), एनर्जी मीटर आणि गेटवे (त्यांचा डेटा गोळा करून पुढे पाठवणारा डबा) तिघांची घड्याळं वेगळी असतील, तर लॉग कितीही मोठा असला तरी याचं उत्तर देत नाही.

गेटवेच्या आरटीसीत, म्हणजे सेलवर चालू राहणाऱ्या आतल्या घड्याळात, 32.768 किलोहर्ट्झचा क्रिस्टल असतो. तो साधारण 25 अंशांना सर्वात नेमका चालतो. तापमान त्याच्या वर जावो की खाली, घड्याळ मागेच पडतं, आणि तेही फरकाच्या वर्गाच्या प्रमाणात. आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याच्या शेडमधलं बंद पॅनल सहज 55 अंशांवर जातं. तिथे फक्त उष्णतेमुळे सुमारे 30 पीपीएम (दहा लाखांत 30 भाग), म्हणजे दिवसाला अडीच सेकंदांहून जास्त फरक पडतो. वेळ एकदा हाताने लावून सोडून देणं म्हणूनच चालत नाही.

एनटीपी लावा, म्हणजे गेटवे नेटवर्कवरच्या सर्व्हरकडून वेळ घेत राहील. यूडीपी पोर्ट 123 फायरवॉलमध्ये उघडं आहे ना ते आधी बघा. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. सर्व्हर किमान तीन द्या, चार असले तर उत्तम. दोनच असले आणि त्यांचं जमलं नाही, तर खोटा कोणता हे गेटवेला ठरवता येत नाही. एनटीपीसाठी क्रोनी हा प्रोग्रॅम असेल तर 'मेकस्टेप 1.0 3' (makestep 1.0 3) ठेवा: सुरू झाल्यावर पहिल्या तीन अपडेटमध्ये एका सेकंदापेक्षा मोठी चूक एकदम दुरुस्त होते, नंतर घड्याळ हळूहळू सरकतं. चालू उत्पादनात वेळ मागे उडी मारली की डेटाबेसमध्ये एकाच वेळेच्या दोन-दोन नोंदी पडतात, आणि त्या निस्तरणं फार त्रासाचं काम आहे.

साठवताना यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळच साठवा, भारतीय वेळ फक्त स्क्रीनवर दाखवा. नोंदींत बरोबर 19,800 सेकंदांचा फरक दिसला तर घड्याळाला हात लावू नका. तो साडेपाच तासांच्या टाइम झोनचा घोळ आहे.

पीटीपीचा, म्हणजे मायक्रोसेकंदांपर्यंत वेळ जुळवणाऱ्या पद्धतीचा, आग्रह बरेच जण धरतात. पण आरएस-485 च्या एकाच केबलवर एकामागून एक वाचले जाणारे 30 एनर्जी मीटर असतील आणि प्रत्येकाला 150 मिलिसेकंद लागत असतील, तर एक फेरी साडेचार सेकंदांची होते. मॉडबस या मीटर वाचायच्या नेहमीच्या पद्धतीत, साध्या वाचनात रीडिंगसोबत वेळ येतच नाही. गेटवे स्वतःच्या वाचण्याची वेळ लावतो. अशा ठिकाणी मायक्रोसेकंदांवर खर्च करण्यात अर्थ नाही. घटनांचा नेमका क्रम हवाच असेल, तर घटनेच्या जागीच वेळेचा शिक्का मारणारं उपकरण घ्या. पीटीपी घेतलंच, तर मधला स्विचही पीटीपी जाणणारा हवा. नाहीतर रांगेत थांबलेल्या पॅकेटचा उशीर थेट वेळेत मिसळतो.

सगळ्यात चिवट बिघाड बॅटरीचा. आरटीसीचा सेल संपला आणि लाइट गेली, की गेटवे पुन्हा सुरू होताना 1970 मध्ये जागा होतो. मग टीएलएस सर्टिफिकेट (सर्व्हरची ओळख पटवणारं, ठरावीक मुदतीचं प्रमाणपत्र) त्याला 'अजून लागू नाही' असं दिसतं आणि व्हीपीएन (सुरक्षित खासगी जोडणी) जोडलं जात नाही. एनटीपी त्याच व्हीपीएनमधून येत असेल तर वेळही मिळत नाही. दोघं एकमेकांची वाट बघत बसतात. म्हणून एक सर्व्हर व्हीपीएनबाहेर, शक्यतो प्लांटच्याच नेटवर्कमध्ये ठेवा. बसवल्या दिवशीच चाचणी घ्या: गेटवेची नेटवर्क केबल काढा, सप्लाय दहा मिनिटं बंद ठेवा, चालू करून तारीख बघा. चुकली असेल तर सेल बदला. मग केबल लावून 'क्रोनीसी सोर्सेस' (chronyc sources) ही कमांड चालवा. एका सर्व्हरपुढे ताऱ्याची खूण (*) दिसेपर्यंत पॅनलचं दार लावू नका.